आप्पांचं बीपी वहीत ‘छान’, तरी सकाळी पडतात. गोळ्या जास्त होत असतील का?

ठाण्याची लेक

नमस्कार. माझ्या वडिलांविषयी विचारायचं आहे. आम्ही त्यांना आप्पा म्हणतो. वय ९१ पूर्ण. एसटीत कंडक्टर होते, कोल्हापूर-पुणे गाडीवर कितीतरी वर्षं. आई गेल्यावर माझ्याकडे ठाण्याला होते. मागच्या वर्षी माझ्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, त्यांना धरून उठवणं-बसवणं मला जमेना, आणि नाइलाजाने पुण्याबाहेरच्या एका शुश्रूषा केंद्रात ठेवलं. चौदा महिने झाले. त्याचं दुःख वेगळं आहे, ते इथे काढत नाही.

गेल्या दोन महिन्यांत आप्पा तीनदा पडले. एकदा बाथरूमच्या दाराशी, एकदा खाटेजवळ, आणि तिसऱ्यांदा नाश्त्याच्या टेबलावरून खोलीकडे जाताना. त्या वेळी भुवईवर पाच टाके पडले. खुबा शाबूत राहिला ही देवाचीच कृपा. तिन्ही वेळा सकाळी नऊ ते दहाच्या आत. तिथल्या मावशी म्हणतात, “आजोबा घाई करतात.” आप्पा म्हणतात, “कुणीतरी दिवा घालवल्यासारखं होतं.”

त्यांच्या गोळ्या सांगते. बीपीसाठी टेल्मिसार्टन ४० आणि ॲम्लोडिपीन ५. पाय सुजतात म्हणून लघवीची गोळी, फ्युरोसेमाइड. प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन. शिवाय ॲस्पिरिन ७५, रात्री कोलेस्टेरॉलची एक आणि झोपेची अर्धी. रात्रीच्या सोडल्या तर बाकी सगळ्या सकाळी साडेआठला नाश्त्याबरोबर, एका वाटीत, एकदम. बीपीची पहिली गोळी ६८ व्या वर्षी लागली. तेव्हा वरचं १८० असायचं आणि वजन ६७ किलो होतं. आज वजन ५१ आहे.

केंद्राच्या वहीत रोजचं बीपी लिहिलेलं असतं. ११८/६४, ११६/६०, १२२/६६. व्हिजिटला येणारे डॉक्टर वही बघतात आणि म्हणतात, “या वयात असं बीपी म्हणजे उत्तमच. चालू ठेवा.” माझा भाऊ कोल्हापूरला असतो, त्याचंही तेच. “गोळ्यांना हात लावू नकोस. आपल्या आजोबांना लकवा झाला होता, विसरलीस का?” विसरले नाही. आजोबा तीन वर्षं एका कुशीवर पडून होते, ते मी पाहिलंय.

पण मागच्या रविवारी मी स्वतः तिथे होते. आप्पांनी उपमा खाल्ला, चहा घेतला, आणि टेबलाला हात टेकून उठले. मी समोरच होते. चेहऱ्याचा रंग बघता बघता राखेसारखा झाला. वरच्या ओठावर घामाचे बारीक थेंब आले. डोळे उघडे, पण मला ओळखत नव्हते. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोटं मिटायची-उघडायची, तिकिटाला पंच मारताना व्हायची तशी. मी दोन्ही हातांनी कवटाळून त्यांना खुर्चीत बसवलं आणि ओरडून मशीन मागवलं. ९४/५०. पाय वर घेतले, पाणी पाजलं. दहा मिनिटांनी ११४/६०. मावशींनी वहीत ११४/६० लिहिलं. ९४ कुठेच लिहिलं गेलं नाही.

आता त्यांना पडू नये म्हणून दिवसा खुर्चीला पट्ट्याने बांधून ठेवतात. मला ते बघवत नाही.

गोळ्या जास्त होत असतील का? डॉक्टरांचा अपमान न होता हे कसं विचारू? आणि भावाला काय सांगू?

नगरकर

ताई, आमच्या सासूबाई ८८. त्यांनाही अशीच चक्कर यायची. आम्ही सरळ बीपीची एक गोळी बंद केली, डॉक्टरला विचारलंसुद्धा नाही. काही झालं नाही, उलट ठणठणीत आहेत. तुम्हीही आठ दिवस बंद करून बघा.

रात्रपाळीची सिस्टर

ताई, मी नर्स आहे. बावीस वर्षं झाली, त्यातली शेवटची नऊ म्हाताऱ्या माणसांच्या केंद्रात, बहुतेक रात्रपाळीच.

आधी नगरकरांना हात जोडून सांगते, असं कुणाला सुचवू नका. तुमच्या सासूबाईंची कुठली गोळी बंद केली ते तुम्ही लिहिलंच नाही. बीपीची मेटोप्रोलॉलसारखी गोळी एका दिवसात तोडली तर धडधड सुरू होते, बीपी उसळतं, आणि मूळचा हृदयविकार असेल तर झटकासुद्धा येऊ शकतो. झोपेच्या गोळीचंही तसंच, ती अचानक बंद करायची नसते. गोळी कमी करायची तर डॉक्टरांच्या हातून, एका वेळी एकच, आणि रोजची नोंद ठेवून.

आता ताई, तुमच्याकडे. त्या वहीत जे लिहिलं गेलं नाही, तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. ९४/५०. आप्पांचं बसलेलं बीपी आणि उभं राहिल्यावरचं बीपी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि केंद्रात फक्त बसलेलं मोजतात. बहुतेक ठिकाणी हेच चालतं. राऊंडला वीस माणसं असतात, मशीन एक, आणि म्हाताऱ्याला उभं करून तीन मिनिटं धरून ठेवायला दुसरा माणूस लागतो. तो नसतो. म्हणून वही छान दिसते.

मोजायचं असं. पाच मिनिटं आडवं झोपवायचं आणि बीपी घ्यायचं. मग उभं करायचं, एकाने धरलेलं असलंच पाहिजे, आणि एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी परत घ्यायचं. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर ती खरी अडचण आहे, ‘आजोबा घाई करतात’ ही नव्हे. चक्कर आली तर मोजत बसायचं नाही, लगेच खाली बसवायचं. मशीनच्या कफकडेही, म्हणजे दंडाला गुंडाळायच्या पट्टीकडेही लक्ष द्या. ५१ किलोच्या माणसाच्या दंडाला मोठा कफ बांधला तर मशीन खरं आहे त्याहून कमी दाखवतं. आणि एकदा मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा. ठोके वेडेवाकडे, मध्येच गडबडल्यासारखे लागले तर डॉक्टरांना ईसीजी काढायला सांगा, कारण तशा नाडीत डिजिटल मशीनचा आकडा भरवशाचा नसतो.

दुसरी गोष्ट नाश्त्याची. जेवण पोटात गेलं की रक्त आतड्याकडे धावतं. तरुण माणसाचं हृदय ठोके वाढवून आणि रक्तवाहिन्या आवळून ते सांभाळून घेतं. नव्वदीतल्या रक्तवाहिन्या वर्षानुवर्षं उन्हात पडलेल्या रबरी नळीसारख्या ताठ झालेल्या असतात, आणि सांभाळून घेण्याचा तो झटपट इशाराही मंद झालेला असतो. जेवणानंतर दोन तासांच्या आत बीपी उतरतं. हे जुनं माहीत असलेलं दुखणं आहे, वृद्धांच्या नर्सिंग होममधल्याच लोकांत मोजून त्यावर १९८३ साली अमेरिकेत लिहिलं गेलंय. तरी अजून राऊंडला कुणी जेवणानंतरचं बीपी घेत नाही.

आमच्याकडे एक आजी होत्या, ८७ वर्षांच्या, शाळेत मुख्याध्यापिका होत्या. दुपारी जेवल्यावर हमखास मान टाकायच्या. सगळे म्हणायचे, जेवण झालं की डुलकी लागते. एके दिवशी मी दिवसपाळीला होते. भाताचा शेवटचा घास झाल्यावर अर्ध्या तासाने मी त्यांचा हात हातात घेतला, थंडगार लागला. बीपी घेतलं तर ८८. ती डुलकी नव्हती. त्यानंतर त्यांना एका बैठकीला भरपूर भात देण्याऐवजी थोडं थोडं पाच वेळा द्यायला लागलो, जेवणाआधी भांडंभर पाणी, जेवणानंतर तासभर पाय वर करून आराम. डॉक्टरांनी गोळीची वेळ जेवणापासून दूर नेली. मान टाकणं जवळजवळ थांबलं.

आता आप्पांची ती वाटी बघा. बीपी उतरवणाऱ्या दोन गोळ्या, पाणी बाहेर काढणारी एक, आणि प्रोस्टेटची टॅमसुलोसिन, तीही उभं राहताना बीपी उतरवू शकते. चारही नाश्त्याबरोबर एकदम. त्यातल्या काहींचा जोर तासाभरात चढतो, त्यात पोटातला उपमा. नऊ ते दहा. तुम्हीच वेळ लिहिलीत.

अजून एक. पायांची सूज कधीपासून आहे, ॲम्लोडिपीन लागल्यानंतर का? तो त्या गोळीचाच नेहमीचा परिणाम असतो. ती सूज अंगात पाणी साठल्याची नसते, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी घोट्याकडे झिरपतं, म्हणून लघवीच्या गोळीने ती फारशी जात नाही. पण गोळी चालूच राहते. मग लघवी वाढते, म्हातारा माणूस रात्री उठावं लागू नये म्हणून पाणी कमी पितो, अंग कोरडं पडतं, आणि उभं राहिलं की अंधारी. एका गोळीचा त्रास दुसऱ्या गोळीने झाकायला गेलं की असं होतं. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की सूज म्हटलं की आधी औषधांची यादी मागते.

पण सावध राहा. सूज हृदय थकल्याचीही असू शकते, आणि तिथे लघवीची गोळी जीव वाचवते. कुठली सूज कुठली हे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही एवढं विचारा: झोपताना उशी जास्त लागते का, रात्री कोरडा खोकला येतो का, थोडं चाललं तरी धाप लागते का? नव्वदीत हृदय थकलं तरी माणूस ‘धाप लागते’ असं म्हणतोच असं नाही. नुसतं जेवण सोडतो, गोंधळल्यासारखा बोलतो, दिवसभर झोपतो. छातीत न दुखताही झटका येतो, नुसता घाम आणि उलटी. आणि जो दिवसभर खाटेवर असतो त्याची सूज पायावर शोधायची नसते. पाणी सगळ्यात खालच्या भागात जातं. कुशीवर वळवून माकडहाडाच्या वर अंगठा दाबून धरायचा आणि उचलायचा. खळगा तसाच राहिला तर सूज तिथे आहे. कितीतरी जणांचे पाय बारीक दिसतात, चादरीखाली कंबर मात्र भरलेली असते.

तो पट्टा आधी सोडायला लावा, ताई. बांधलेल्या माणसाच्या मांड्या पंधरा दिवसांत वाळतात आणि मग तो खरंच उभा राहू शकत नाही. खाटेचे कठडे वर करून ठेवले तरी माणूस त्यावरून चढून उतरायला बघतो आणि जास्त उंचीवरून पडतो. त्यापेक्षा खाट खाली घ्या, युरिनचं भांडं हाताशी ठेवा, आणि उठायच्या आधी एक मिनिट खाटेच्या कडेला पाय सोडून बसवा. त्या मिनिटात घोटे वर-खाली हलवायला सांगा, पोटऱ्या आवळल्या की रक्त वर जातं.

डॉक्टरांना ‘गोळ्या कमी करा’ असं म्हणू नका. सहा दिवसांचा कागद द्या. झोपलेलं, उभं, नाश्त्यानंतर तासाभराने उभं. वर तीन वेळा पडल्याची तारीख आणि वेळ, ६८ व्या वर्षीचं वजन आणि आजचं वजन. कागद समोर आला की कुठलाही चांगला डॉक्टर तो वाचतो. आणि दोन प्रश्नांची उत्तरं तयार ठेवा: आप्पांना कधी हार्ट अटॅक आला होता का, स्टेंट बसवलाय का?

ठाण्याची लेक

सिस्टर, तुमचं वाचून मी रडले. पट्ट्यासाठी आज फोन केला, उद्यापासून सोडतील म्हणाले. अटॅक कधीच नाही, स्टेंट नाही, लकवा नाही. ॲस्पिरिन कुणी आणि का सुरू केली तेही जुन्या फाइलमध्ये सापडत नाही. सूज ॲम्लोडिपीननंतरच आली. फाइलमध्ये तारखा आहेत, ॲम्लोडिपीन मार्चमध्ये, लघवीची गोळी मेमध्ये. मी आजवर त्या दोन ओळी एकमेकींशेजारी ठेवून वाचल्याच नव्हत्या.

बेळगावकर

सिस्टरांचं सगळं पटलं, पण आमच्या घरचं सांगणं भाग आहे, नाहीतर वाचणारे सगळ्याच गोळ्यांवर उठतील.

आमची आई ८६ ची होती. नाडी वेडीवाकडी, ज्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात ते. रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. शेवटच्या वर्षी ती एका केंद्रात होती, दोनदा पडली. केंद्रातल्यांनी सांगितलं, पडणाऱ्या माणसाला ही गोळी नको, डोक्यात रक्तस्राव होईल. आम्हालाही ते पटलं. डॉक्टरांनी ती बंद करून नुसती ॲस्पिरिन दिली. सव्वा महिन्याने सकाळी चहा घेताना कप डाव्या हातातून सुटला, तोंड वाकडं झालं. स्ट्रोक. नंतर मोठ्या इस्पितळात मेंदूच्या डॉक्टरांनी सांगितलं की अशा नाडीत हृदयात गुठळी होते, ती मेंदूत जाते, आणि ते अडवायला ॲस्पिरिन पुरी पडत नाही. ती पाच महिने जगली, पण बोलणं गेलं होतं. तिला कानडी आणि मराठी दोन्ही सारखीच यायची, शेवटी दोन्हींतला एकही शब्द नव्हता.

त्या डॉक्टरांवर माझा राग नाही. आम्हीच घाबरलो होतो आणि आम्हीच मान डोलावली. पण ताई, गोळी काढायची तर ती कशासाठी होती हे आधी कागदावर लिहून घ्या. बीपीची गोळी वेगळी, गुठळीची वेगळी. आणि नाडी तपासून घ्याच.

सांगलीचा निवृत्त फिजिशियन

चर्चा योग्य मार्गावर आहे. दोन-तीन गोष्टींची भर घालतो, विशेषतः ताईंच्या भावासाठी, कारण त्यांची भीती खोटी नाही.

८० वर्षांपुढच्या माणसांचं बीपी उतरवावं का, हा प्रश्न बरीच वर्षं अनिर्णित होता. २००८ साली हायव्हेट नावाच्या अभ्यासाने उत्तर दिलं. ८० वर्षांपुढचे ३८४५ जण, वरचं बीपी १६० किंवा जास्त. निम्म्यांना इंडापामाइड आणि गरज पडली तर पेरिंडोप्रिल, निम्म्यांना औषध नसलेली नुसती दिखाऊ गोळी. उद्दिष्ट १५०/८० चं. औषध घेणाऱ्यांत मृत्यू २१ टक्क्यांनी आणि हृदय थकण्याचे प्रसंग ६४ टक्क्यांनी कमी झाले, इतके की अभ्यास मुदतीआधी थांबवावा लागला. भावाला सांगा, वयस्कर माणसाचं वाढलेलं बीपी उतरवणं योग्यच आहे.

पण त्या अभ्यासात कोण नव्हतं तेही सांगा. शुश्रूषेची गरज असलेले घेतले नव्हते, स्मृतिभ्रंश असलेले घेतले नव्हते, आणि उभं राहिल्यावर वरचं बीपी १४० च्या खाली असलेलेही घेतले नव्हते. म्हणजे आप्पांसारखा एकही माणूस त्यात नव्हता. उद्दिष्टही १५० होतं, ११८ नव्हे.

आप्पांसारख्यांचा अभ्यास फ्रान्स आणि इटलीत झाला. आपल्याकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं इस्पितळ, तिकडे ते वृद्धांना कायम ठेवून शुश्रूषा करण्याचं ठिकाण. तिथल्या ८० वर्षांपुढच्या ११२७ जणांना दोन वर्षं पाहिलं. ज्यांचं वरचं बीपी १३० च्या खाली होतं आणि बीपीच्या दोन किंवा जास्त गोळ्या चालू होत्या, त्यांच्यातले सुमारे ३२ टक्के दोन वर्षांत गेले. बाकीच्यांत हे प्रमाण सुमारे २० टक्के. हे २०१५ साली प्रसिद्ध झालं आणि आमच्यातल्या अनेक डॉक्टरांनी गोळ्या लिहून द्यायची सवय बदलली, मीही बदलली.

मात्र यावरून गोळ्या काढल्या की आयुष्य वाढतं असा निष्कर्ष काढू नये. फ्रान्समध्येच नंतर नर्सिंग होममधल्या १०४८ जणांवर नेमका तोच प्रयोग केला, सरासरी वय नव्वदीच्या आसपास, वरचं बीपी १३० च्या खाली. निम्म्यांच्या गोळ्या टप्प्याटप्प्याने कमी केल्या. २०२५ साली निकाल आला. तीनेक वर्षांत दोन्ही गटांतले साधारण ६० टक्के गेले, फरक पडला नाही. म्हणून भावाला ‘आप्पा जास्त जगतील’ असं वचन देऊ नका. त्यांना एवढंच दाखवा की उभं राहिल्यावर ९४ होतं, भुवईवर टाके पडलेत, आणि पुढच्या वेळी खुबा मोडला तर या वयात त्यातून उठणं अवघड असतं. लकव्याची भीती आणि खुब्याची भीती एकाच तागडीत ठेवून बघायची आहे.

ॲस्पिरिनबद्दल. ज्याला अटॅक, स्टेंट, स्ट्रोक काहीच झालेलं नाही, त्याला सत्तरीनंतर ती देण्यात फायदा दिसलेला नाही. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेत १९ हजारांवर वयस्क लोकांवर हे पाहिलं, २०१८ मध्ये निकाल आला. हृदयविकार टळला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. तुमच्या डॉक्टरांना हा प्रश्न जरूर विचारा. आधी ईसीजी मात्र हवा, बेळगावकरांनी सांगितलेल्या कारणासाठी.

वजन १६ किलोंनी उतरलंय, हे मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ६७ किलोच्या माणसाला बेतलेला सदरा ५१ किलोच्या माणसाच्या अंगावर आहे. सोबत रक्तातलं सोडियम आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन तपासून घ्या.

ठाण्याची लेक

सात आठवडे झाले, म्हणून सगळ्यांना सांगायला आले.

सहा दिवसांचा कागद केला. मी आणि माझा मुलगा आळीपाळीने तिथे राहिलो, कारण मावशींना एकट्याने उभं धरणं शक्यच नव्हतं. झोपलेलं १२२, उभं १०२, नाश्त्यानंतर उभं एकदा ९२, एकदा ९६. डॉक्टरांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, “हे मला वहीत कधी दिसलंच नाही.” मला वाटलं होतं तसे ते रागावले नाहीत. त्याच दिवशी ईसीजी काढला, नाडी सरळ आहे. सोडियम थोडं कमी निघालं.

पहिल्या आठवड्यात लघवीची गोळी बंद केली आणि रोज सकाळी लघवीनंतर, नाश्त्याआधी वजन घ्यायला सांगितलं. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर लगेच फोन करायचा. एका दिवशी सव्वा किलो जास्त आलं आणि माझे हातपाय गळाले. सिस्टरांनी सांगितलं तसं मावशींकडून माकडहाडाशी दाबून बघितलं, खळगा नव्हता. मग कळलं, त्या दिवशी थंडी म्हणून स्वेटर आणि शालीसकट आणि चहा-नाश्ता झाल्यावर वजन केलं होतं. दुसऱ्या दिवशी जागच्या जागी. पुढे दहा दिवसांनी ॲम्लोडिपीन अर्धी केली आणि नंतर बंद. दोनेक आठवड्यांत घोटे दिसायला लागले. कित्येक महिन्यांनी त्यांच्या पायात त्यांची चप्पल गेली. ॲस्पिरिन काढली. टॅमसुलोसिन रात्रीच्या जेवणानंतर नेली आणि भांडं खाटेशी ठेवलं. टेल्मिसार्टन तशीच आहे, पण नाश्त्याबरोबर नाही. झोपेच्या गोळीचं अजून व्हायचं आहे, ती अगदी सावकाश काढू म्हणाले.

आता बसलेलं १३८/७०, उभं १२६. या मधल्या काळात एकदा तोल गेला, पण पडले नाहीत. भावाला मी आकडे पाठवले, त्याने काही उत्तर दिलं नाही. पण पुढच्या रविवारी स्वतः आला, आणि नाश्त्यानंतर आप्पांना धरून उभं करून स्वतःच बीपी घेतलं. दोनदा.

पट्टा गेला. खाटेच्या कडेला एक मिनिट बसायचं आप्पांच्या लक्षात राहत नव्हतं, मावशी सांगायच्या आणि ते उठायचे. मग मावशींनीच त्यांना विचारलं, “आजोबा, तुमच्या गाडीचे थांबे कुठले?” आता ते पाय सोडून बसतात, घोटे हलवतात आणि म्हणतात, किणी, पेठ नाका, कासेगाव, कराड, उंब्रज. प्रत्येक थांब्यावर जरा थांबतात, कोण चढलं कोण उतरलं बघितल्यासारखं. साताऱ्याला पोचले की मावशी कठड्यावर चमच्याने दोन टोले देतात, डबल बेल, आणि मग उठतात.